एकट्या बाईची पुस्तकं: आमच्या वाचनगटाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे. यंदा चवथ झाल्यावर आम्ही ठरवलं की वर्षभर एकाच प्रकारची पुस्तकं वाचायची: ज्यांच्या मध्यभागी एकटी पडलेली, आपल्याच घरात किंवा गावात परकी झालेली बाई आहे अशी. तेव्हापासून तेच ते प्रश्न येत आहेत. काही पुस्तकांबद्दल, काही आमच्या तब्येतीबद्दल. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं.

हा विषय का? गटात कोणाचं काही बिनसलंय का?

सगळ्या बऱ्या आहेत. विषय सुचला तो कपाट आवरताना. ज्या कादंबऱ्या पुन्हा वाचाव्याशा वाटल्या त्या बाजूला काढल्या, तर निम्म्याहून अधिक पुस्तकांत हीच बाई. मराठी कादंबरी सुरू झाली तीच तिच्यापासून. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ सालचं. त्यातली यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करत विधवांची दुःखं पाहते आणि पुढे स्वतः विधवा होते. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. तिथे तर यमू स्वतःच्या तोंडून आपली कहाणी सांगते. एवढी जुनी ओळख असलेल्या बाईला आपण 'रडकी पुस्तकं' म्हणून वरच्या फळीवर ठेवून दिलं होतं.

म्हणजे विधवा, अविवाहित आणि नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या गोष्टी ना?

त्या आहेतच, पण लग्न झालंय की नाही यावरून आम्ही पुस्तक निवडत नाही. टागोरांच्या 'नष्टनीड' (१९०१) मधल्या चारूला काय कमी आहे? नवरा भला, घर मोठं, हाताखाली माणसं. नवऱ्याचं सगळं लक्ष त्याच्या वर्तमानपत्रात. ती दुपारभर वाचते, आणि दुपार काही संपत नाही. सत्यजित राय यांनी १९६४ साली यावर 'चारुलता' काढला.

पण आमच्या गटात सगळ्यात जास्त चर्चा झाली ती दुसऱ्याच बाईवर. कमावणाऱ्या. विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मध्ये एक कथा आहे, 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' शीर्षकातच सगळं आलं. शिकलेली मुलगी, तिचा पगार, आणि त्या पगारावर चालणारं बापाचं घर. तिचं लग्न व्हावं असं म्हणतात सगळे, पण ते झालं तर उद्या वाण्याचं बिल कोण देणार, हेही सगळ्यांना ठाऊक. तिला कोणी छळत नाही, घराबाहेर काढत नाही. उलट तिच्यावाचून घर चालत नाही, आणि तिचं एकटेपण नेमकं त्यातून येतं.

हीच बाई २८ वर्षांनी हिंदीत भेटते. उषा प्रियंवदांच्या 'पचपन खंभे लाल दीवारें' (१९६१) मधली सुषमा दिल्लीच्या कॉलेजात शिकवते, वसतिगृहाची वॉर्डन असते, घरच्यांचा भार उचलते आणि नीलला नाही म्हणते. आणखी वीस वर्षांनी ती कोंकणीत येते: दामोदर मावजो यांची 'कार्मेलीन' (१९८१). ही सासष्टीतली ख्रिस्ती बाई कुवेतला मोलकरीण म्हणून जाते आणि इकडचं घर तिच्या पैशांवर उभं राहतं. पुण्या-मुंबईची मध्यमवर्गीय मुलगी, दिल्लीची प्राध्यापिका, गोव्याची मोलकरीण. जात, धर्म, भाषा सगळं वेगळं, आणि तरी तिघींना शेजारी शेजारी बसवलं तर एकमेकींना काही समजावून सांगावं लागणार नाही.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या कथेतली एकटी बाई क्वचितच माणसांवाचून असते. तिच्याभोवती माणसंच माणसं असतात आणि त्यांतल्या प्रत्येकाचं तिच्याकडे काहीतरी काम असतं. शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या 'द येलो वॉलपेपर' (१८९२) मध्ये डॉक्टर नवरा बायकोला विश्रांतीसाठी माडीवरच्या खोलीत ठेवतो, लिहू देत नाही आणि तिचा तोल जातो. ही कथा वाचून आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "माडयेवयली खोली? एकलीक?" हसलो सगळे, पण मुद्दा खरा होता. आपल्या नायिकेला वेड लागायलासुद्धा स्वतंत्र जागा नसते.

गोव्याच्या साहित्यात ही बाई कुठे सापडते?

शोधली तर बऱ्याच ठिकाणी, पण चार भाषांत विखुरलेली.

देवळाशी बांधलेल्या बायकांपासून सुरुवात करू. बाकीबाब बोरकरांना आपण कवी म्हणूनच ओळखतो. त्यांनी 'भावीण' नावाची कादंबरी लिहिली होती (१९५०), हे आमच्यातल्या अर्ध्या जणींना माहीत नव्हतं. जयवंत दळवी जन्माने हडफड्याचे. त्यांची 'महानंदा' याच जगातली. ही बाई उत्सवात सगळ्यांसमोर असते. तिच्याशिवाय देवाची सेवा अडते, पण कोणाच्या घरच्या पंगतीत तिचं पान नसतं. या विषयावर कादंबरीच्या पलीकडे जायचं असेल तर राजाराम पैंगीणकरांचं 'मी कोण?' हे आत्मचरित्र जरूर वाचा. ज्या समाजाबद्दल बाकीचे कथा लिहीत होते, त्या समाजातल्या माणसाने स्वतः लिहिलेलं ते पुस्तक आहे.

मग पोर्तुगीज. १९६२ साली, म्हणजे मुक्तीनंतर लगेचच, आगुश्तीन्यु फर्नांडिस यांची 'बोडकी' ही पोर्तुगीज कादंबरी आली. केशवपन केलेल्या विधवेला आपण जे म्हणतो तेच नाव, जसंच्या तसं. आपटे आणि फर्नांडिस यांच्यात सत्तर वर्षांचं आणि दोन राजवटींचं अंतर आहे. तरी दोघांनाही तीच बाई दिसली याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

कोंकणीत 'कार्मेलीन' आहेच. हेमा नायक यांच्या 'भोगदंड'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोन्ही मूळ कोंकणीतच वाचा. घरात आपण बोलतो तीच भाषा, लिपी देवनागरी. अनुवादाची वाट पाहण्याचं काही कारण नाही.

आणि तेरेखोल ओलांडली की खानोलकर. आरती प्रभू म्हणजेच चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याचे. त्यांच्या 'रात्र काळी घागर काळी' (१९६२) मधल्या लक्ष्मीचं रूप हाच तिचा शाप. 'चानी' तर गोऱ्या सोजिराची मुलगी, सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची. गावाला ती हवीही असते आणि नकोही. पेडण्याच्या माणसाला या कादंबऱ्यांमधली बोली, देवचार, पावसातली सामसूम काहीच समजावून द्यावं लागत नाही. 'चानी'वर व्ही. शांतारामांनी १९७७ मध्ये चित्रपट केला, पण आधी पुस्तक वाचा.

एक बाई मात्र आम्हाला मराठीत अजून मनाजोगती भेटली नाही: तारवट्याची बायको. नवरा बोटीवर, नाहीतर गल्फमध्ये. घर नवं, मजला चढवलेला, बाल्कांव म्हणजे पुढची ओसरी फरशीची, आणि आत ती, सासू आणि सुट्टीचा हिशेब. गोव्यात असं घर नसलेला वाडा शोधावा लागेल. कोणी लिहीत असेल तर आम्हाला कळवा.

'महानंदा'ची गोष्ट नाटकात पाहिली आहे. कादंबरी वाचायलाच हवी का?

हो. गोव्यात जत्रेच्या रात्री संगीत नाटक पाहतच आपण मोठे झालो, त्यामुळे हा प्रश्न दर वेळी येतो. नाटकात दुःख वाढलं की पद सुरू होतं, आणि 'वन्स मोअर' आला की प्रेक्षक आणि नटी दोघांचाही जीव मोकळा होतो. कादंबरीत ती सोय नाही. पद जिथे आलं असतं तिथे ती गप्प असते आणि पान उलटावं लागतं.

गोव्यात समान नागरी कायदा आहे, बायकोचा घरात अर्धा वाटा असतो. मग आपल्या कथांतली बाई तेवढी हतबल का असावी?

चांगला प्रश्न, आणि वकिलीणबाईंनी विचारलेला. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्याची चौकट इथे आजही चालते. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची समाईक होते. घटस्फोटाचा कायदा १९१० मध्येच, पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्याबरोबर झाला. 'पण लक्षांत कोण घेतो?' मधल्या यमूच्या हाती नवरा गेल्यावर काही म्हणजे काही उरत नाही. कागदावर तरी तिची गोव्यातली सून वेगळी आहे.

कागदावर. प्रत्यक्षात सही तिची लागते, म्हणून सहीपुरती तिची आठवण होते. पण कथाकारांनी हे सगळं अजून वापरलेलंच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. मराठी कादंबरीतली बाई घर सोडते ती पिशवी घेऊन, मुंबईच्या पद्धतीने. गोव्यातली बाई कायद्याने अर्ध्या घराची मालकीण असताना त्याच घरात पाहुण्यासारखी राहते. यातून वेगळी कादंबरी निघायला हवी होती.

पुरुषांनी लिहिलेली बाई खरी असते का?

आपट्यांनी १८९० मध्ये बाईच्या तोंडून 'मी' म्हणत शेकडो पानं लिहिली आणि वाचणाऱ्या बायकांना ती आपली वाटली. तेव्हा लेखक पुरुष आहे म्हणून पुस्तक बाजूला ठेवू नये. आमची कसोटी वेगळी आहे. ती बाई कधी कंटाळते का? तिला कोणाची टिंगल करावीशी वाटते का? तिला एखादी क्षुल्लक खोड आहे का? खानोलकरांवर माझा जीव आहे, पण त्यांची लक्ष्मी आणि चानी दुरून दिसतात, विजेसारख्या. दुपारी चार वाजता लक्ष्मीच्या मनात काय चाललेलं असतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्याउलट कमल देसाई. 'काळा सूर्य' आणि 'हॅट घालणारी बाई' या दोन लघुकादंबऱ्या १९७५ मध्ये एकत्र आल्या. हॅट घालणाऱ्या बाईला चित्रपट काढायचा ध्यास आहे. ती विक्षिप्त आहे, हट्टी आहे, लोकांना नकोशी होते, आणि तिला त्याची पर्वा नाही. पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जातं. जाऊ द्यावं.

गौरी देशपांड्यांच्या नायिका आपल्यातल्या वाटत नाहीत. पैसा, इंग्रजी, परदेश. त्यांचं कसलं एकटेपण?

हा वाद आमच्याकडे मिटलेला नाही. 'एकेक पान गळावया' (१९८०) वाचून एक ताई म्हणाल्या की या बायकांना भांडी कोण घासतं ते पुस्तकात कुठे दिसत नाही. आक्षेप रास्त आहे. माझं म्हणणं एवढंच, की या नायिका एकटेपणाकडे तक्रार म्हणून पाहायचं सोडून देतात. प्रेम करतात, चुकतात, परत आपल्या आपल्या राहतात, आणि त्यावर विनोद करतात. त्याआधीच्या मराठी कादंबरीत एकट्या बाईला हसू आलेलं मला फारसं आठवत नाही. सानिया आणि मेघना पेठे यांच्याकडे जाणारी वाट इथूनच फुटते.

स्वतःहून एकटं राहू पाहणारी बाई बघायची असेल तर अनिता देसाईंची 'फायर ऑन द माउंटन' (१९७७) घ्या. कसौलीच्या डोंगरावर राहणाऱ्या नंदा कौलला आयुष्यभर माणसांचं करून करून आता कोणीही नको आहे, पोस्टमनसुद्धा. आणि तेवढ्यात पणती राहायला येते. गटातल्या साठीपुढच्या बायकांनी हे पुस्तक सगळ्यात जास्त उचलून धरलं. त्यांच्या घरी बहुधा अजून कळलेलं नाही.

शेवटी ती मरतेच का?

जुन्या पुस्तकांत बहुतेक वेळा. एमा बोव्हारी विष घेते, अ‍ॅना कारेनिना रेल्वेखाली जाते, यमूही जगत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लेखकापुढे अडचण अशी होती की समाजातून बाहेर पडलेल्या बाईला पाठवायचं कुठे? नोकरी नाही, भाड्याची खोली नाही, माहेर दार उघडत नाही. मरण हा एकच पत्ता लेखकाला ठाऊक होता.

नोकरी आली तसा शेवट बदलला. सुषमा आपल्या लाल भिंतींत राहते. सायाका मुराता यांच्या 'कन्व्हिनियन्स स्टोअर वुमन' (२०१६) मधली केइको छत्तीस वर्षांची आहे आणि निम्मं आयुष्य एकाच दुकानात अर्धवेळ काम करण्यात गेलंय. घरचे, मैत्रिणी, सगळे तिला 'नीट' करू बघतात. शेवटी ती काय निवडते ते सांगत नाही, पण कोणी मरत नाही. बाजारातल्या काउंटरवर बसणाऱ्या आमच्या एका सभासदाने हे पुस्तक एका रात्रीत संपवलं.

नायिकाच आवडत नसेल तर?

वाचत राहा. हान कांग (२०२४ चं नोबेल) यांच्या 'द व्हेजिटेरियन'मध्ये एक बाई मांस खाणं सोडते, आणि घर तिच्यावर तुटून पडतं. तिची गोष्ट नवरा, बहिणीचा नवरा आणि बहीण यांच्या बाजूने सांगितली जाते, तिच्या वाट्याला मधूनमधून स्वप्नं तेवढी येतात. ती आवडावी अशी सोयच लेखिकेने ठेवलेली नाही. मासळीशिवाय जेवण न होणाऱ्या आपल्या लोकांना हे पुस्तक आधी विनोदी वाटतं, मग बाप जबरदस्तीने मुलीच्या तोंडात मांस कोंबतो तिथे बैठक गप्प होते.

असली पुस्तकं वाचून मन खचत नाही का?

बहुतेकींचं खचत नाही, उलट कोणीतरी आपलं बोललं असं वाटतं. पण सगळ्यांचं सारखं नसतं. स्वतः कठीण दिवसांतून जात असाल तर 'द येलो वॉलपेपर' किंवा 'द व्हेजिटेरियन' आत्ता नको. पुस्तक हे औषध नाही. झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल तर 'टेली मानस'चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, आणि बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही. बैठकीला नंतर या, जागा राखून ठेवू.

मी स्वतः अशी कथा लिहितेय. काय टाळू?

खिडकी. खिडकीत उभी राहून पाऊस बघणारी बाई इतक्या कथांत झाली आहे की आता पाऊसही कंटाळला असेल. तिच्या हाताला काम द्या. ती काय करते, किती पैसे मिळतात, कोणाला द्यावे लागतात, हे तुम्हाला माहीत असू द्या, कथेत येवो न येवो.

तिला समजून घेणारा एखादा चित्रकार किंवा प्राध्यापक शेवटी आणू नका. आणलाच तर त्यालाही तिच्याकडून काहीतरी हवं असू द्या.

आणि गोव्यात राहता तर गोव्याचं वापरा. एक प्रसंग सुचवते, हवा त्याने घ्यावा. म्हातारा बाप गेला, घराची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कायदेशीर कारवाई, सुरू झाली. एक भाऊ लिस्बनहून येतो, एक मुंबईहून, बहीण मडगावहून. सगळे वकिलाकडे बसून वाटे मोजतात. घरात राहून बापाचं शेवटपर्यंत केलेली धाकटी बहीण त्या सगळ्यांना चहा करते. कायद्याने तिचा वाटा इतरांइतकाच, एक पैसा कमी नाही. म्हणजे अन्याय दाखवायला खलनायक मिळणार नाही. तुम्हाला फक्त ती स्वयंपाकघरातून काय ऐकते ते लिहायचं आहे, आणि हे अवघड आहे.

गट फक्त बायकांसाठी आहे का?

नाही. दोन पुरुष येतात. त्यांतले एक वाचून येतात.

पुस्तकं कुठे मिळतील?

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. या ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, त्यामुळे मराठी, कोंकणी, पोर्तुगीज सगळं एका छताखाली सापडण्याची शक्यता तिथे सर्वाधिक. गावच्या वाचनालयात आधी विचारा. विभावरी शिरूरकर आणि खानोलकर जुन्या कपाटांत हमखास असतात, फक्त कोणी काढलेले नसतात. आमच्या प्रती फिरत्या आहेत. समासात पेन्सिलीने लिहिलं तर चालतं, किंबहुना आवडतं.

पहिल्यांदाच येतेय. काय वाचून येऊ?

'बाबांचा संसार माझा कसा होणार?' एवढी एकच कथा. लहान आहे, एका बसण्यात होते. वाचून झाल्यावर त्या घरात पगाराच्या दिवशी काय होत असेल त्याचा विचार करून या. चर्चा तिथूनच सुरू करू. कथा मिळाली नाही तर कळवा, झेरॉक्स काढून ठेवू. न वाचता आलात तरी बसायला मिळेल, पण चहा तुम्हाला करावा लागेल.